खिडकीच्या चिन्हाचं बटण दाबून तर बघा

"आमचं वेळणेश्वरला घरगुती राहण्या-जेवणाचं चालतं. सीझनला आंबा, एरवी कोकमाचं आगळ, आंबापोळी, तळलेले गरे. मुलाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला आणि तो पुण्याला परत गेला. पाहुण्यांना तोच तोच मजकूर दिवसातून दहादा टाइप करायचा, मराठीत दरपत्रक हवं तर शृंगारतळीला झेरॉक्सवाल्याकडे जायचं. मोबाइलचं नेट जोडलं की तासाभरात पॅक संपतो. रोज रात्री नीट बंद करते, तरी सकाळी मेला गोगलगाय. पावसाळ्यापासून 'ई'चं बटण उठत नाही. मुलाला विचारलं की म्हणतो, 'आई, सोप्पं आहे गं ते', आणि इतक्या भराभर करून दाखवतो की काही कळत नाही. छुप्या ट्रिकांचे व्हिडिओ बघितले, शंभर ट्रिका, एकही लक्षात नाही. आता दुकानदार म्हणतो विंडोज १० बंद झालं, नवा घ्या. काय करू?"
– वेळणेश्वरच्या एक ताई

ताई, नमस्कार.

मुलाचं 'सोप्पं आहे' आधी बाजूला ठेवा. ज्याला येतं त्याला सगळंच सोपं. तुम्ही बोलता बोलता नारळ सोलता, तेव्हा समोर उभ्या पुणेकर पाहुण्याचा चेहरा कसा होतो ते आठवा. पुढच्या वेळी मुलगा आला की त्याला माउसला हात लावू देऊ नका. त्याने शेजारी बसून सांगायचं, हात तुमचे चालायचे.

आणि ते शंभर ट्रिकांचे व्हिडिओ बंद करा. त्यातल्या नव्वद तुमच्या उपयोगाच्या नाहीत, माझ्याही नाहीत. 'गॉड मोड' नावाचं एक फोल्डर त्यात हमखास असतं. नाव भारदस्त, उघडलं की आत सेटिंग्जची लांबलचक यादी, एवढंच. तुमचं रोजचं काम पाच-सहा प्रकारचं आहे. त्याच कामांचे जवळचे रस्ते शिकायचे आणि बाकी लॅपटॉपला खुशाल तसंच राहू द्यायचं.

कीबोर्डवर डाव्या हाताला, सगळ्यात खालच्या ओळीत, कंट्रोल आणि ऑल्टच्या मधे खिडकीचं चिन्ह असलेलं एक बटण आहे. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली आपल्या एका कीबोर्डवर ते आणलं आणि मग सगळ्यांनी उचललं. बहुतेकांची त्याच्याशी ओळख चुकून हात लागण्यापुरतीच, कारण काम करताना मधेच मेनू उघडून ते वैताग आणतं. पण तुमच्या निम्म्या तक्रारी त्याच बटणापाशी सुटतात. इथून पुढे मी त्याला 'विंडोज बटण' म्हणतो.

आधी तोच तोच मजकूर. विंडोज बटण दाबून ठेवा आणि व्ही दाबा. पहिल्या वेळी 'टर्न ऑन' असं बटण दिसेल, ते दाबा. एरवी आपण एक गोष्ट कॉपी केली की आधीची जाते. हे चालू केल्यावर जात नाही. शेवटच्या २५ गोष्टी एका छोट्या चौकटीत एकाखाली एक राहतात, आणि विंडोज-व्ही दाबून हवी त्यावर क्लिक केलं की ती कर्सर असेल तिथे उमटते. खरी गंमत त्या चौकटीतल्या टाचणीत आहे. ज्या मजकुराला टाचणी लावाल तो लॅपटॉप बंद करून चालू केला तरी जात नाही. बाकीचे जातात.

आता तुमच्या धंद्याला हे कसं लावायचं ते बघा. पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणी रेल्वेने चिपळूणला उतरणार असतो. कोणी गणपतीपुळे करून वर येणार असतो, त्याला जयगड-तवसाळ फेरीबोटीचं सांगावं लागतं. कोणी दापोलीकडून खाली येतो, त्याला दाभोळ-धोपावे. हे रस्त्यांचे तीन मजकूर झाले. चौथा खोल्यांचे दर आणि जेवणाचा. पाचवा बँक खात्याचा आणि यूपीआयचा. सहावा आंबा पेटीचा: डझनाचा भाव, पार्सल कुठे पोचतं, पैसे आधी की नंतर. एका निवांत दुपारी हे सहा मजकूर नीट लिहून काढा, एकेक कॉपी करा, एकेकाला टाचणी लावा. नंतर व्हॉट्सअ‍ॅप असो की ईमेल, विंडोज-व्ही आणि एक क्लिक. मजकूर मात्र एकदाच पण मन लावून लिहा. फेरीबोटीच्या वेळा त्यात घालू नका, त्या बदलतात. 'वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा' एवढंच लिहा, म्हणजे धक्क्यावर ताटकळलेला पाहुणा तुमच्या नावाने बोटं मोडणार नाही.

एक सावधगिरी. ही चौकट जे कॉपी कराल ते सगळं धरून ठेवते, पासवर्डसुद्धा. पाहुणा 'काकू, जरा तिकीट प्रिंट करू का' म्हणत लॅपटॉपवर बसतो, त्याआधी चौकट उघडून 'क्लिअर ऑल' करा. टाचणी लावलेले मजकूर त्याने पुसले जात नाहीत. पाहुण्यांच्या आधारकार्डांचे फोटोही त्याच लॅपटॉपवर असणार, म्हणून उठून स्वयंपाकघरात जाताना विंडोज बटण आणि एल दाबायची सवय लावा. पडद्याला कुलूप लागतं, परत यायला पासवर्ड लागतो.

(फोनवरही असंच हवं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' आहेत. पण आज तो विषय नाही.)

मराठीसाठी शृंगारतळीला जायची खरंच गरज नाही. मे २०१९ मध्ये विंडोज १० ला जी सुधारणा आली, तिच्यापासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. काही विकत घ्यायचं नाही, कुठून उतरवून घ्यायचं नाही. सेटिंग्ज उघडा (विंडोज बटण आणि आय), 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये 'लँग्वेज'वर जा, 'अ‍ॅड अ लँग्वेज'मधून मराठी निवडा. इथे एक खूण बघून घ्या: 'सेट अ‍ॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज' अशी चौकट दिसली तर तिच्यातली टिक काढून टाका. नाहीतर सगळे मेनू मराठी होतील. ऐकायला छान वाटतं, पण मग मी सांगितलेलं 'सेटिंग्ज' तुम्हाला सापडायचं नाही आणि मुलाला फोनवरून काही सांगता यायचं नाही. मराठी यादीत आली की तिच्यावर क्लिक करून 'ऑप्शन्स', मग 'अ‍ॅड अ कीबोर्ड', आणि तिथे 'मराठी फोनेटिक'. झालं.

यानंतर विंडोज बटण आणि स्पेस बार दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर, पुन्हा दाबलं की परत. मराठीवर असताना आपण मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो तसं लिहायचं. 'जी-यू-एच-ए-जी-ए-आर' टाइप केलं की 'गुहागर' उमटतं, आणि खाली दोन-चार पर्यायही दिसतात. ळ आणि ल, ण आणि न यांच्यात सुरुवातीला घोटाळा होईल, तेव्हा त्या पर्यायांतून निवडायचं. आठवडाभरात हात बसतो. त्याच यादीत 'मराठी' नावाचा दुसरा कीबोर्ड दिसतो, तो इनस्क्रिप्ट. भारत सरकारने प्रमाण ठरवलेली ही पद्धत, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. ज्यांना रोज पानंच्या पानं लिहायची आहेत त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावी, वेग तिच्यातच येतो. दरपत्रक आणि मेसेज लिहायला फोनेटिक पुरे.

झेरॉक्सवाल्याने तुम्हाला पूर्वी करून दिलेल्या फाइली मात्र तुमच्या लॅपटॉपवर किंवा पाहुण्याच्या फोनवर उघडल्या की विचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असतील. त्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या असतात. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि तो ठरावीक फॉण्ट असेल तरच ती मराठी दिसतात. आता तुम्ही जे लिहाल ते युनिकोडमध्ये असेल, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल. जुनं दरपत्रक दुरुस्त करत बसू नका, नव्याने लिहा. नाहीतरी दर बदललेच असतील. लिहून झालं की कंट्रोल आणि पी दाबा आणि प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा, म्हणजे कागदाऐवजी पीडीएफ तयार होते. ती पाठवा. समोरच्याला ती आहे तशी दिसते.

नेटचा पॅक. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची तक्रार हीच, कारण इथे पैसे जातात. लॅपटॉपला वाटतं की तुमच्याकडे शहरासारखं बेमुदत वायफाय आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट दिसला की तो साठून राहिलेले अपडेट उतरवायला घेतो, फोटो वनड्राइव्हवर (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठवणीत) चढवायला घेतो, आणि तुमचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक पाहुण्याला एक उत्तर जाईपर्यंत संपतो. त्याला सांगावं लागतं की हे नेट मोजूनमापून मिळणारं आहे. हॉटस्पॉट जोडलेला असताना सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर क्लिक करा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बहुतेक अपडेट आपणहून उतरत नाहीत आणि वनड्राइव्ह थांबून राहतं. हे त्या एका नेटवर्कपुरतंच असतं, म्हणून मुलाच्या फोनचा हॉटस्पॉट जोडलात तर त्यालाही वेगळं लावा.

तिथेच जवळपास 'डेटा युसेज' आहे. कुठल्या प्रोग्रॅमने किती डेटा खाल्ला याचा हिशेब त्यात असतो. एकदा बघाच, चोर लगेच सापडतो. आणखी एक गोष्ट बंद करा: अपडेटच्या सेटिंग्जमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, त्यात दुसऱ्या संगणकांशी अपडेटची देवाणघेवाण करायची मुभा असते. तुमच्या पॅकमधून दुसऱ्याला अपडेट वाटायचं काही कारण नाही.

मात्र अपडेट कायमचे अडवून ठेवू नका. महिन्यातून एकदा कोणाकडे चांगलं वायफाय असेल तिथे लॅपटॉप घेऊन जा, चहा घ्या, अपडेट होऊ द्या.

रोज नीट बंद करूनही सकाळी गोगलगाय का, याचं कारण ऐकून तुम्हाला राग येईल. 'शट डाउन' म्हटल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होतच नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. सकाळी लवकर चालू व्हावं म्हणून ती विंडोजच्या गाभ्याची कालची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. म्हणजे काल जे अडखळत होतं ते आजही अडखळतं. 'रीस्टार्ट'ला मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बंद न करता रीस्टार्ट करा. किंवा रात्री शिफ्ट बटण दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक करा, तेव्हा तो खरोखर बंद होतो. पटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल (छोटा दिसला तर 'मोर डिटेल्स' दाबा). त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूच्या खाली 'अप टाइम' लिहिलेला असतो. रोज रात्री बंद करणाऱ्यांच्या लॅपटॉपवरही तो कित्येक दिवसांचा दिसतो.

तिथेच आहात तर 'स्टार्टअप' या भागातही डोकवा. लॅपटॉप सुरू होताना आपणहून उठणाऱ्या प्रोग्रॅमांची ती यादी. मुलाचे जुने गेम, गाण्यांचं कसलंसं, मीटिंगचं कसलंसं, असं बरंच निघेल. जे नाव ओळखता आणि वापरत नाही ते 'डिसेबल' करा. जे ओळखत नाही त्याला हात लावू नका. आणि 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कच्या नावाखाली 'एचडीडी' (जुन्या पद्धतीची, हळू डिस्क) लिहिलंय की 'एसएसडी' (नव्या पद्धतीची, वेगवान) तेवढं वहीत टिपून ठेवा. एचडीडी असेल तर कुठल्याही ट्रिकेने तो धावणार नाही. ती डिस्क काढून एसएसडी बसवणं हा जुन्या लॅपटॉपवर करण्यासारखा सगळ्यात चांगला खर्च आहे.

'ई'चं बटण. समुद्राकाठी हे व्हायचंच, दमट खारा वारा कशालाच सोडत नाही. तूर्त विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकदम दाबा, पडद्यावरच कीबोर्ड येईल. अडलेलं अक्षर माउसने दाबा, बाकी हातानेच टाइप करा. रोजच्याला मात्र यूएसबीचा साधा कीबोर्ड जोडा. लॅपटॉपचा कीबोर्ड बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात गेला तरी जीव हळहळत नाही. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात दिवसच्या दिवस बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. वीज कडाडायला लागली की चार्जरची पिन काढा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कामाला फार बसते. कोणाचा फोन कधी आला, कोणी किती पेट्या सांगितल्या, हे तुम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहीत असणार. नोटपॅड उघडा. इंग्रजीत पहिल्याच ओळीवर एक टिंब आणि त्याला चिकटून कॅपिटल अक्षरांत एल, ओ, जी लिहा, एंटर दाबा आणि फाइल 'चौकशी' नावाने जतन करून बंद करा. यापुढे ती फाइल उघडाल तेव्हा शेवटी त्या दिवसाची तारीख आणि वेळ आपोआप लिहून येईल. तुम्ही पुढे फक्त 'नाशिकचे पाहुणे, दोन खोल्या, शाकाहारी' एवढं लिहायचं. फाइल उघडी असतानाच दुसरा फोन आला तर एफ ५ दाबा, तारीख-वेळ पुन्हा उमटते. नोटपॅडची ही जुनी सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. लॅपटॉपमधल्या कॅल्क्युलेटरमध्येही मेनू उघडला की 'डेट कॅल्क्युलेशन' सापडतं. दोन तारखा द्या, मधले दिवस सांगतं. गणपतीत कोणाच्या किती रात्री झाल्या यावरून वाद नको.

आणि ही फाइल, दरपत्रक, हिशेब यांची एक प्रत घराबाहेर असू द्या. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणच्या पुराने आपल्याकडे काय केलं ते तुम्ही बघितलंय. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच कपाटात असतील तर दोन्ही एकदमच भिजतात. मुलगा गणपतीला आणि मे महिन्यात येतोच. त्याच्याबरोबर एक पेनड्राइव्ह पुण्याला पाठवा, मागच्या वेळचा परत मागवा. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबीच, पण हिशेबाच्या फाइलींना ती रग्गड. फोटो तिथे चढवू नका.

आता दुकानदाराचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. लॅपटॉप चालायचा थांबत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. त्यावर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवलेली आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल नाउ' दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि तिथे सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. हे आधी करा, कारण ज्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं काम करता तो उघडा ठेवू नये.

त्याच पानावर तुमचा लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकतो का हेही लिहिलेलं असतं. घेऊ शकत असेल तर फुकट घ्या, चांगल्या वायफायवर, खोल्या रिकाम्या असतील अशा दिवशी. विंडोज ११ मध्ये विंडोज बटण आणि एच दाबून मराठीत बोलूनही लिहिता येतं, फक्त नेट लागतं. घेऊ शकत नसेल, आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपांचं तसंच आहे, तर त्यात एसएसडीचाही खर्च करू नका. ते पैसे नव्यासाठी ठेवा. नव्यात ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की तुमच्या कामाला पुरे. त्याहून महाग मॉडेल दाखवलं तर नाही म्हणा. आणि खरेदी मे महिन्यात करू नका, तेव्हा खोल्या भरलेल्या आणि अंगणात आंब्याच्या पेट्या.

टाचणी लावलेले ते सहा मजकूर मात्र नव्या लॅपटॉपवर आपणहून जात नाहीत. ते एका नोटपॅडच्या फाइलमध्येही उतरवून ठेवा आणि ती फाइल पुण्याच्या पेनड्राइव्हमध्ये टाका.